दादाच्या सायकलचा बिल्ला

मला संशयी म्हणता ना, मग हे ऐका.

दादा जाऊन दीड महिना झाला होता. त्याच्या जुन्या सायकलच्या पुढचा पितळी बिल्ला काढून मी नारायण पेठेत एका काकांकडे नेला. ते असे बिल्ले उजळून देतात, किती जुने तेही सांगतात. खरा ठेवून नकली देतात, असं कानावर आलं होतं, म्हणून मी समोरच बसून राहिलो.

काकांनी भिंगातून पाहिलं. "हा दोन वर्षांपूर्वीचा."

"काहीही काय? आजोबांच्या वेळची सायकल आहे."

"सायकल असेल. ही भोकं मात्र ड्रिलची आहेत. मीच पाडलीत."

मी ताडकन उठलो. "म्हणजे कबूल करताय?"

"बसा. ओरडून पितळ जुनं होत नाही." त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा बिल्ला काढला. तसाच, पण झिजलेला, रंग नीट भरलेला. "खरा हा. एकजण ठेवून गेलाय. म्हणाला, धाकटा भाऊ सायकल कुठंही आपटतो, तोवर नकली लावा. हा त्याच्या लग्नात द्यायचाय."

"तो धाकटा मीच. द्या."

"असं कुणीही म्हणेल. ज्यानं ठेवला त्याला पाठवा."

"तो नाही येणार."

"का?"

"वारला." घरी हे मी एकदाही बोललो नव्हतो.

काका बराच वेळ बिल्ला पुसत राहिले. मग म्हणाले, "लग्न ठरलंय का तुझं?"

"नाही."

त्यांनी बिल्ला परत ड्रॉवरमध्ये ठेवला. "ठरलं की ये."

मी पावतीसुद्धा मागितली नाही.