गप्प बसणारं यंत्र

सुमनताई : थांब. शेवटची ओळ परत वाच. घाईत उरकलीस.

क्षितिज : 'सदर यंत्राची मी केवळ चाचणी घेतली असून त्याच्या शोधात माझा सहभाग नाही.'

सुमनताई : केवळ?

क्षितिज : हो.

सुमनताई : हे तू लिहिलंस?

क्षितिज : मधुसूदन सरांनी. कंपनी त्यांची आहे, ताई. पेटंटचा अर्ज सोमवारी जायचाय. शोधकर्ते म्हणून दोन नावं आहेत, त्यांचं आणि माझं. त्याआधी यावर तुमची सही घेऊन ये म्हणाले.

सुमनताई : बरं. मला दिसत न्हाई, पण आठवतंय सगळं. पहिल्या दिवशी ती पेटी माझ्या गळ्यात घालून आपण महाळुंग्याच्या चौकात गेलो, तवा काय झालं?

क्षितिज : पेटी रस्ता सांगत होती. दहा पावलांवर डावीकडे वळा, असं. तुम्हाला ऐकू येईना. कंटेनर चालले होते.

सुमनताई : मग तू काय केलंस?

क्षितिज : आवाज वाढवला.

सुमनताई : अन् मी थेट ट्रेलरपुढं गेले.

क्षितिज : मी ओढलं तुम्हाला मागं. घरी जाऊन जेवलो नव्हतो त्या दिवशी.

सुमनताई : गाडी कुठून येती ते मला कानानं कळतं, लेकरा. त्याच कानात तुझी पेटी ओरडायला लागली. म्हणून मी म्हणले, गोंगाट वाढला की हिला गप्प बसव. आपोआप. अन् दोन्ही मनगटांना पट्टे दे. डावा थरथरला की डावीकडं, उजवा थरथरला की उजवीकडं, दोन्ही थरथरले की थांबायचं. म्हणले का न्हाई?

क्षितिज : म्हणालात. मीच ऐकत नव्हतो.

सुमनताई : पंधरा दिवस.

क्षितिज : सतरा. आणि पुढचं ऐका. वकील मॅडमनी सगळी जुनी पेटंटं धुंडाळली. बोलून रस्ता दाखवणारी यंत्रं ढीगभर आहेत. थरथरणारे पट्टेही आहेत. पण गोंगाट मोजून स्वतःहून गप्प बसणारं आणि काम पट्ट्यांकडे देणारं एकही त्यांना सापडलं नाही. आपल्या अर्जात नवं म्हणावं असं तेवढंच.

सुमनताई : म्हणजे माझंच.

क्षितिज : हो.

सुमनताई : एवढं माहीत असून हा कागद घेऊन आलास?

क्षितिज : चिंचवडहून येताना दोनदा गाडी बाजूला घेतली. पण आलो.

सुमनताई : फोन लाव साहेबांना. स्पीकरवर टाक.

(क्षितिज फोन लावतो.)

मधुसूदन : बोल क्षितिज. झाली सही?

सुमनताई : नमस्कार साहेब, सुमन बोलायले. सही झाली न्हाई अन् होणार बी न्हाई.

मधुसूदन : गैरसमज नको, ताई. तुमची मदत झालीच आहे. एक डिव्हाइस आमच्याकडून तुम्हाला कायमचं भेट. पण वापरणाऱ्यानं फीडबॅक दिला म्हणजे त्यानं शोध लावला असं होत नाही. सर्किट क्षितिजचं, कोड क्षितिजचा.

सुमनताई : व्हय, हात त्याचेच हायत. पण नुसता त्रास सांगून मी गप्प बसले असते तर तुमचं खरं होतं. त्यावर करायचं काय, ते बी मीच सांगितलं. काचबिंदूनं डोळे जायच्या आधी अकरा वर्षं मी कारखान्यात वायरिंगच्या लाइनला तपासणीला होते. पास झालेल्या मालावर माझा शिक्का पडायचा. शिक्क्यावर नंबर होता, नाव न्हवतं. कधी तक्रार केली न्हाई. माल दुसऱ्यानं बांधलेला, मी केवळ तपासलेला. हे मात्र माझ्या डोक्यातनं आलंय.

मधुसूदन : क्षितिज, तू तरी समजाव यांना.

क्षितिज : सर, मला तुम्हालाच सांगायचंय. अर्जासोबत जाहीर करायचं असतं, खरे शोधकर्ते हेच म्हणून. दोन नावांखाली मी सही करणार नाही.

मधुसूदन : आणि सोमवार हुकला तर?

क्षितिज : तिसरं नाव घालायला पाच मिनिटं लागतात. उद्या कुणी हरकत घेतली की कल्पना यांची होती आणि नाव दाबलं, तर अख्खं पेटंट अडकेल. मॅडमनी मला विचारलं होतं, गप्प बसवायचं कुणाला सुचलं? मी विषय बदलला. पुन्हा विचारलं तर बदलणार नाही.

मधुसूदन : पट्टे बांधून तुम्ही चालायला लागलात त्या दिवशी मीही आलो होतो चौकात. तुम्ही रस्ता ओलांडून गेलात, ताई, आणि मी अलीकडेच उभा राहिलो. गाड्यांतून जायचा धीर झाला नाही मला. ... क्षितिज, मॅडमना कळव. तीन नावं.

क्षितिज : आत्ता कळवतो, सर.

सुमनताई : ठेवला का त्यांनी?

क्षितिज : ठेवला. फॉर्म उघडलाय, ताई. पूर्ण नाव?

सुमनताई : सुमन उद्धवराव शिंगाडे.

क्षितिज : नागरिकत्व, भारतीय. पत्ता... आधारवर गावाकडचा, औशाचा आहे ना तुमचा?

सुमनताई : तो मला दिसत होतं तवाचा हाय. महाळुंग्याचा लिही.