खडू दत्तूच्या हातात

त्या बाकड्यावर बसू नका, रंग ओला हाय, हिकडं सावलीला या. गेटाचं नंतर बोलू, आदी चहा येऊ द्या.

माझा जन्म कऱ्हाटीचा. आमच्या बाजूला पाटाचं पाणी न्हाय, काटेवाडीकडं ऊस आन् आमच्याकडं बाजरी, हे बघतच मोठा झालो. वडील बारामतीत एका भंगारवाल्याकडं हमाली करायचे, मी त्यांच्यासंगं जायचो, आन् तितं मला एक कळलं, की भंगाराला ठरलेला भाव नसतो, बोलणाऱ्याच्या तोंडावर भाव ठरतो. समोरचा न्हाय म्हणाला की सौदा संपत न्हाय, तितनं चालू होतो. न्हाय म्हंजी अजून बोला. एवढ्या एका गोष्टीवर मी आयुष्य काढलं, काय सांगू तुमाला. ही रस्त्याकडची जागा घेताना भांडलो, पत्रा घेताना भांडलो, सोताच्या लग्नात मांडववाल्याशी भांडलो, आमची मंदा अजून ते काढती.

तर हे शेड उभं केलं. बारामतीहून इंदापूरला जाणारा कुणीबी शेतकरी हितं थांबायचा, नांगर जोडून घे, रोटरची पाती लावून घे, आन् मोठं काम म्हंजी उसाच्या ट्रॉल्या. मंदाचा भाऊ विलास, माझा मेव्हणा, त्याला मिसरूड फुटायच्या आदी मी हाताखाली घेतला. वेल्डिंग धरायला मी शिकवलं, गिऱ्हाइकाशी बोलायला मी शिकवलं. आन् त्यानं काय केलं, तर ऐन सीझनात एक दिवस आलाच न्हाय, चार दिसांनी कळलं की ह्याच रस्त्याला पुढं त्यानं सोताचं शेड टाकलंय. वर बोर्ड काय लावलाय माहितीय का, जुने व विश्वासू. आता तुमीच सांगा, तितं जुनं काय हाय? त्याच्याकडचं जुनं म्हंजी मी.

ते जाऊ द्या. जाऊ द्या म्हणतो, पण जात न्हाय.

विलास गेल्यावर सगळा भार दत्तूवर आला. दत्तू आमचा मोठा वेल्डर, इंदापूरकडचा, तोंडानं फटकळ, पण त्यानं मारलेला टाका घणानं तुटत न्हाय. गिऱ्हाईक आलं की मी त्याच्यादेखत इचारायचो, दत्तू, ट्रॉली कवा देतोस? तो म्हणायचा, दिवाळीला. मी म्हणायचो, दसऱ्याला दे. तो म्हणायचा, न्हाय आबा. मंग मी म्हणायचो, बरं, ना तुझं ना माझं, मधी कवातरी. मग दत्तू खाली बघायचा आन् म्हणायचा, व्हय आबा. मला वाटायचं जिंकलो. आन् ट्रॉली जायाची दिवाळीलाच, वर गिऱ्हाइकाच्या शिव्या, त्या शिव्या मी शेडातल्या पोरांना द्यायचो, पोरं म्हणायची व्हय आबा. चुकलं माझं असं मी अजून म्हणत न्हाय. होत नसंल तर माणसानं व्हय म्हणायचं कशाला?

मंग एक दिवस सकाळच्या चहाला दत्तू म्हणाला, आबा, मी चाललो. बारामतीला एमआयडीसीत एका कंपनीत बघितलंय.

विलास गेल्यावर शेड उभं राहिलं ते ह्याच्या हातावर, हा गेला तर कुलूपच. पण तोंडावर दाखवतोय का मी? मी पगाराचं बोलायला सुरुवात केली. तो म्हणाला, पगाराचं न्हाय आबा. मंग कशाचं? तर म्हणतो, तितं सायबाला सांगितलं की हे एवढ्यात होणार न्हाय, तर सायब इचारतो, का होणार न्हाय. तुमी इचारता, मंग कवा होईल.

मी हातातला पाना फेकला. म्हटलं, जा, तूबी जा, विलास गेला तसा जा. आन् चहाचं पातेलं घिऊन मंदा तितंच उभी. ती म्हणाली, माझा भाऊ गेला, आता हा चालला, पुढच्या खेपंला मीबी कंपनीत अर्ज टाकते, मंग तुमी आन् तुमचा भाव दोघंच बसा शेडात. पोरं हसली. मंग जवळ येऊन हळूच म्हणाली, अवो, एवढे सौदे केले, त्याला काय पायजे ते तरी इचारा.

मंग इचारलं. काय घेतोस, बोल. दत्तू म्हणाला, खडू.

खडू म्हंजी हा, लोखंडावर खुणा करतो तो. त्याचं म्हणणं, जो काम करणार त्यानंच ट्रॉलीच्या सांगाड्यावर तारीख लिहायची, आन् ती दुसऱ्या कुणी पुसायची न्हाय, मालकानंबी. भाव तुमचा, तारीख आमची. आन् दुसरं, रोज काम चालू करायच्या आदी सगळ्यांनी चहाला उभं राहायचं, कुणाचं काय अडलंय ते एकेकानं सांगायचं, आन् तोवर आबांनी बोलायचं न्हाय. मी म्हटलं, पयलं ठीक, दुसरं जमायचं न्हाय. तो म्हणाला, मंग चाललो. मी म्हटलं, निदान शेवटी तरी बोलू दे. तो म्हणाला, व्हय, शेवटी बोला. मी म्हटलं, आन् हे एका सीझनपुरतं, पुढचं पुढं. तो म्हणाला, व्हय, सीझन संपला की मी ठरवीन. बघा, मीबी कायतरी मिळवलंच.

पयल्या दिवशी जीभ दाताखाली धरून उभा राहिलो. एक पोरगं म्हणतं, ड्रिलची वायर ढिली हाय, रोज हलवत बसावं लागतं. दुसरं म्हणतं, ग्राइंडरचा एकच दगड, तो दत्तूभाऊंकडं, मी वाट बघत बसतो. मंग दत्तू म्हणाला, धुरे न्हाईत, धुऱ्याबिगर चाकं चढत न्हाईत. आन् धुरे का न्हाईत? कारण मी धुरेवाल्याशी भावासाठी ताणून धरलं होतं. तिकडं मी भाव पाडतोय म्हणून खूष, आन् हिकडं शेड बसलंय. बरं, मला कुणी सांगितलं होतं का? व्हय आबा, व्हय आबा, एवढंच. आता दत्तू लई आदी सांगतो काय लागणार, आन् मी लई आदी भांडायला जातो. भांडण सोडलं न्हाय, येळ बदलली.

मंग बापूराव आले. बापूराव म्हंजी आमचं जुनं गिऱ्हाईक, मोठा ऊस. म्हणाले, दोन ट्रॉल्या, आन् दिवाळीच्या पाडव्याला दारात पायजेत, कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत. माझ्या तोंडात व्हय आलेलं, गिळलं. दत्तूनं उभ्या सांगाड्यांकडं बघितलं, ती कामं आदीची होती, आन् मोकळ्या पट्टीवर खडूनं लिहिलं, तुळशीचं लग्न. म्हंजी पाडव्याच्या दहा-बारा दिस पुढं. काय सांगू तुमाला, माझा अंगठा आपोआप जिभेला लागला आन् पट्टीकडं गेला. दत्तू मान वर न करता म्हणाला, आबा, अंगठा. सगळं शेड हसलं. बापूराव म्हणाले, मारुती, तुझ्या शेडात मालक कोण रं? आन् गाडी फिरवून गेले सरळ विलासकडं. विलास काय म्हणाला असंल? व्हय म्हणाला. माझ्याच हाताखाली शिकलेला.

तवा मला जेवण गोड लागलं न्हाय. मंदाला म्हटलं, तुझ्या भावाच्या दारात माझं गिऱ्हाईक मी सोताच्या हातानं घातलं.

पण धुराडं पेटलं, बापूरावांच्या रानात तोडणीची टोळी येऊन बसली, आन् ट्रॉल्या विलासच्या अंगणात बिनचाकाच्या. आन् आमच्या हितनं त्याच दिसांत एकेक ट्रॉली हार घालून, नारळ फोडून निघत होती, ज्या तारखंला लिहिली त्या तारखंला. तुळशीच्या लग्नानंतर बापूराव परत आले, म्हणाले, पुढच्या सीझनचं आत्ताच सांगून ठेवायचंय. मी खुर्ची पुढं केली तर म्हणतात, तू बस रं, दत्तू कुठाय? लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण भाव ठरवायला माझ्याकडंच यावं लागतं न्हवं, तितं ते विलासकडं गेल्याचं मी सगळं वसूल केलं.

आता विलासनं बहिणीकडनं निरोप धाडलाय, दाजी कसं करतात ते बघायला येऊ का. म्हटलं, आधी त्यो बोर्ड उतरव. आला तर चहा पाजीन, जास्त काय न्हाय. खडू मात्र दाखवायचा का न्हाय ते दत्तू ठरवंल.

आन् दत्तूचं म्हणाल तर सीझन संपला, कारखान्याचा भोंगा बंद झाला, तवा सकाळी सगळ्यांचं बोलून झाल्यावर माझी पाळी आली. मी सगळ्यांदेखत इचारलं, दत्तू, कंपनीत जाणार का? त्यानं चहाचा घोट घेतला आन् म्हणाला, न्हाय आबा.

आयुष्यात पयल्यांदा एका न्हायच्या पुढं मी बोललो न्हाय.

घ्या, चहा आला. तुमचं गेट कवा होईल ते मला इचारू नका, तो समोर डोळ्यावर वेल्डिंगची काच लावून बसलाय ना दत्तू, त्याला इचारा, आन् त्यो सांगंल ते ऐका, ओढाताण करू नका. भावाचं बोलायला मंग हिकडं या. तुमचं भलं होवो, घरात एखादा तोंडावर न्हाय म्हणणारा असू द्या. आन् बाकड्याला टेकू नका म्हटलं न्हवं, रंग ओला हाय.