सव्वानऊचं कुलूप

कस्तुरचंद : …तूच बिघडवलं माह्या पोराले, मारोत्या. दुसऱ्या कोनाचं नावच घेत नाई मी.

मारोतराव : आधी अंदर तं ये, शेठ. उन्हात भांडशीन तं घेरी येईन. आन् चपला कायले काढून राह्यला? तंबू आहे हा, मंदिर नाई.

(शेलूबाजार. एकोणीसशे त्र्याहत्तरचा एप्रिल, दुपारचे तीन. बाजाराच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू लागला आहे आणि ऑपरेटर मारोतराव मशीनपाशी रीळ गुंडाळत बसला आहे. कापडदुकानदार कस्तुरचंद आणि तो चौथीपर्यंत एकाच पाटावर बसलेले. त्यामुळे भांडण कितीही मोठं झालं तरी दोघांच्या तोंडी एकमेकांसाठी ‘तुम्ही’ काही येत नाही.)

कस्तुरचंद : राहू दे चपला. विषय बदलू नको. साल झालं, खेमचंद अकोल्याहून बी.एस्सी. होऊन आला. गादीवर बसवला, मीटर हातात देला. आन् मागच्या हप्त्यात जेवता जेवता म्हनते, बाबा, मी हवाई दलात जातो, लढाईचं इमान चालवतो. घास माह्या हातातच राह्यला.

मारोतराव : मंग त्यात माहा काय कसूर?

कस्तुरचंद : तुह्या तंबूत कायचा पिच्चर चालू आहे?

मारोतराव : इमानाचा.

कस्तुरचंद : किती दिवस झाले?

मारोतराव : आठ. आज नववा, आखरीचा. उद्या तंबू रिसोडले. पन लय चालला गड्या! मंगरूळपीरहून लोक बैलांच्या दमण्या जुंपून आले.

कस्तुरचंद : आन् खेमानं कितीदा पाह्यला?

मारोतराव : आता ते काही मी मोजत नाई…

कस्तुरचंद : मारोत्या.

मारोतराव : आठदा.

कस्तुरचंद : घ्या!

मारोतराव : अबे, शेलूबाजारातले सारेच पोट्टे सध्या पायलट आहेत. धुरपताबाईचा पोट्टा बैलाले म्हनते, रनवेवर चाल. मागच्या साली डाकूचा पिच्चर आनला, तवा हेच सारे डाकू होते, नाल्यात घोडं धुंडत होते. पुढच्या साली देवाचा आनीन, टाळ घेऊन बसतीन. तंबू गुंडाळला का भूत बी गुंडाळलं. आन् तू तं बोलूच नको, सगळ्यात जास्त धंदा तुहाच झाला.

कस्तुरचंद : माहा?

मारोतराव : पांढरी मलमल किती खपली एवढ्यात?

कस्तुरचंद : सारी. रिसोडहून आनखी मागवली. लगनसराई आहे ना.

मारोतराव : लगनसराई! अबे, हिरोच्या गळ्यात पांढरा रुमाल आहे. या चैताच्या उन्हात पोट्टे गळ्यात मलमल गुंडाळून फिरून राह्यले. अर्ध्यांच्या मानेले घामोळ्या आल्या. तुले दिसले नाई?

कस्तुरचंद : मले वाटलं, घसा दुखाची साथ आहे.

मारोतराव : धन्य आहे, शेठ.

कस्तुरचंद : …खेमानं नाई नेलं कापड.

मारोतराव : नाई नेत तो. त्याचं बाकी पोट्ट्यांसारखं नाई, तेच तं सांगून राह्यलो. बाकीचे गान्यावर शिट्ट्या मारतात, हा गप बसते. बाँबाचा सीन लागला का उठते, इथी मशीनपाशी येते, आन् पडद्याकडं पाठ करून उभा राह्यते.

कस्तुरचंद : पाठ करून?

मारोतराव : हाव. सीन संपला का जागेवर.

कस्तुरचंद : आमी पानी गाळून पेनारे लोक, मारोत्या. दिव्यावर पाखरू येऊन मरन म्हनून सांजच्या आत जेवून घेतो. आन् माह्या पोरानं वरून बाँब टाकावा? पाठ केली म्हनून का बाँब पडाचा थांबते?

मारोतराव : नाई थांबत. पन ते तू त्यालेच इचार.

कस्तुरचंद : त्याच्याशी बोलता आलं असतं, तं तुह्यापाशी आलो असतो का मी? …मंग आठ दिवस पाह्यते काय तो?

मारोतराव : उतरनं.

कस्तुरचंद : काय?

मारोतराव : इमान उतरते, तो सीन. उडताना सारेच पाह्यतात. हा उतरताना पाह्यते. मले म्हने, काका, एवढं मोठं धूड, आन् जमिनीवर किती हळू ठेवते पाहा. आमचे साधुमहाराज पाय ठेवतात तसं. खाली मुंगी असली तं ते बी वाचन.

कस्तुरचंद : असं म्हनला?

मारोतराव : असंच.

कस्तुरचंद : …गोड बोलते, बापासारखा. पन भरवलं तुह्याच पिच्चरनं. हे पाह्य.

मारोतराव : हे काय? सरकारी लिफाफा. श्री खेमचंद कस्तुरचंद. आन् तुह्या बंडीच्या खिशात कसा?

कस्तुरचंद : पोस्टमननं दुकानावर देला. खेमा तवा नव्हता.

मारोतराव : कवा?

कस्तुरचंद : सहा दिवस झाले. फोडला नाई मी! दुसऱ्याचं पत्र फोडू नये.

मारोतराव : फोडू नये, पन दाबून ठेवावं! वा रे तुहा धरम!

कस्तुरचंद : बोल, तू बी बोल. रोज दहादा काढतो आन् परत ठेवतो. घामानं कोपरे मऊ पडले त्याचे. पोरगं समोर बसून गिऱ्हाइकाले कापड फाडून देते, आन् माह्या छातीशी हे. नजर उचलवत नाई मले.

मारोतराव : थांब, थांब. पिच्चर लागून आठ दिवस, आन् पत्र येऊन सहा. सरकार का दोन दिवसांत जवाब देते? अर्ज तीन-चार महिन्याआधीचा असन, शेठ. तवा मी कारंज्यात होतो आन् हा पिच्चर माह्यापाशी नव्हताच.

कस्तुरचंद : मंग कोनी भरलं त्याच्या डोक्यात? अकोल्यातल्या टॉकीजनं?

मारोतराव : मी सांगतो कोनी. बासष्ट साल आठव. लढाई चालू होती. सरकारी प्रचाराची गाडी याच मैदानात आली होती. फुकटचा पिच्चर, जवानाचा, इमानाचा. हवा सुटली आन् त्यांचा पडदा मधातून फाटला. लोक उठाले लागले. तवा दुकान उघडून मांजरपाटाचं थान कोनी आनलं?

कस्तुरचंद : …मी.

मारोतराव : दोन पट्टे जोडून शिवले कोनी?

कस्तुरचंद : खेमाच्या आईनं, धापूनं. कंदिलापाशी बसून.

मारोतराव : आन् दहा वर्साचा घोडा झालेला खेमा कोनाच्या खांद्यावर होता?

कस्तुरचंद : पुढं लोक उभे होते. त्याले दिसत नव्हतं.

मारोतराव : मी बाजूलेच होतो. इमान उतरलं तं त्यानं दोन्ही हातानं तुह्ये केस धरले आन् ओरडला. आन् तू बी ओरडला, शेठ. टाळ्या पिटल्या तू.

कस्तुरचंद : तवा केस होते.

मारोतराव : मंग आता सांग, कोनी बिघडवलं तुह्या पोराले?

कस्तुरचंद : …पानी आहे का?

मारोतराव : तो काय माठ. बिनघोर पे, गाळलेलं आहे. वहिनीनंच तं फडकं बांधून देलं त्याले.

कस्तुरचंद : कोनत्या वहिनीनं?

मारोतराव : गिलास तिथीच आहे, घे.

कस्तुरचंद : हे माह्या दुकानातलं कापड आहे. काठ वळखतो मी. कोनत्या वहिनीनं, मारोत्या?

मारोतराव : तोंडातून गेलं आता. धापूवहिनी येतात. रोज. तिकडं बायांच्या बाजूले, कनातीमागं बसतात.

कस्तुरचंद : खोटं. चैत्राच्या ओळीचं व्रत चालू आहे. नऊ दिवस संध्याकाळी मंदिरात जाप असते तिचा.

मारोतराव : जाप करूनच येतात. कपाळावरचं केशर ओलं असते. आईले माहीत आहे पोरगा इथी आहे. पोराले माहीत नाई आई इथी आहे. आन् बापाले तं काहीच माहीत नाई. अख्खं घर तुहं माह्या तंबूत आहे, शेठ.

कस्तुरचंद : ती कायले येते पन?

मारोतराव : पोरगा कुठी जाऊन राह्यला, ते पाहाले. अर्ज केला, हे त्यानं आईले आधीच सांगतलं होतं. पह्यल्याच दिवशी मले म्हनाल्या, भाऊजी, तिथी कसं असते, मले पाहू द्या. पन नऊ वाजले का उठतात. तू सव्वानऊले दुकानाले कुलूप लावते, त्याच्याआधी घरी पोचाले पाहिजे ना. म्हनून शेवटचं रीळ त्यांनी एकदा बी पाह्यलं नाई.

कस्तुरचंद : काय आहे शेवटच्या रिळात?

मारोतराव : हेच तं गुंडाळून राह्यलो.

कस्तुरचंद : दाखव.

मारोतराव : दिवसाढवळ्या कसं दाखवू? पडद्यावर काही दिसनार नाई.

कस्तुरचंद : मंग उजेडातच दाखव. कापड नाई का उजेडात धरून पाह्यत? आन इकडं.

मारोतराव : कडेनं धर, कडेनं! बोटाचे डाग पडतीन.

कस्तुरचंद : मले नको शिकवू. …किती बारीक आहे हे. ही कोन?

मारोतराव : हिरोची आई. दारात उभी आहे.

कस्तुरचंद : आन् ही?

मारोतराव : तेच. आई, दारात.

कस्तुरचंद : हे बी तेच. हे बी. हातभर झालं, सारे सारखेच.

मारोतराव : ती हलतच नाई, कस्तुर. लय वेळ तशीच उभी राह्यते.

कस्तुरचंद : पुढं कोनी येते का?

मारोतराव : जीप येते. तिच्यातून दुसराच उतरते. त्याच्या हातात हिरोची टोपी असते.

कस्तुरचंद : …धर तुही पट्टी.

मारोतराव : पाचव्या दिवशी वहिनी मशीनपाशी आल्या. पदर तोंडाशी घेऊन म्हनाल्या, भाऊजी, तो येते ना वापस?

कस्तुरचंद : तू काय सांगतलं?

मारोतराव : म्या म्हनलं, येते ना वहिनी. आईच्या हातचं जेवते, मंगच पिच्चर संपते. त्या माह्याकडं पाहतच राह्यल्या. मंग म्हनाल्या, तुमी म्हनता तं येतच असन. दुसऱ्या दिवशी माठाले फडकं घेऊन आल्या. खोटं बोललो मी, कस्तुर. तुह्या घरच्या बाईशी. तवापासून रात्री तेच मनात येते.

कस्तुरचंद : एखाद्या दिवशी थांबली असती दहा मिनिटं. मी का खाल्लं असतं तिले?

मारोतराव : नाई थांबल्या.

कस्तुरचंद : …नाई थांबली.

मारोतराव : पानी पे. हातातच धरून बसला.

कस्तुरचंद : ते पत्र फोड.

मारोतराव : दुसऱ्याचं?

कस्तुरचंद : पाप माह्या नावावर. इंग्रजी आहे, चौथीच्या पुढं तूच शिकला, तूच वाच. तारीख गेली का तेवढं पाह्य पह्यले.

मारोतराव : थांब… देहरादून. तेवीस तारखेले सकाळी हजर राहा म्हनते. चार-पाच दिवस परीक्षा घेतीन. रेल्वेचं तिकीट सरकारचं.

कस्तुरचंद : आज सतरा. म्हन्जे नाई गेली.

मारोतराव : नाई गेली. पन अकोला, भुसावळ, दिल्ली… परवा निघालाच पाहिजे.

कस्तुरचंद : मंग खाखरे आजच लाटाले सांगतो. दोन डबे लागतीन.

मारोतराव : म्हन्जे पाठवून राह्यला त्याले?

कस्तुरचंद : पत्र आज देतो. जेवनाच्या आधी देतो, घास नको अडकाले. आन् ते बाँबाचं इचारीन मी. परवा स्टँडवर, एस.टी. येईपर्यंत. बाप आहे, इचारल्याशिवाय कसा राहीन? त्याले जवाब नाई सुचला तं नाई सुचला. इचार तं करन.

मारोतराव : बराबर आहे.

कस्तुरचंद : तिथी दिवस मावळाच्या आत जेवाले देतात का? लिवलं आहे का त्यात?

मारोतराव : तसं काही लिवलं नाई.

कस्तुरचंद : उंचावरून सूर्य जास्त वेळ दिसत असन, नाई?

मारोतराव : दिसत असनच. टेकडीवरून बी दिसते.

कस्तुरचंद : मंग जमन त्याले. वरच खाऊन घेईन.

मारोतराव : शेठ, एक करू का? आज ते शेवटचं रीळ लावतच नाई. मशीन बिघडली म्हनतो. वहिनी आज आखरीच्या दिवशी थांबल्या-बिंबल्या तं?

कस्तुरचंद : नाई. लोकं दमण्या जुंपून येतात, त्यांले पुरा पिच्चर दाखव.

मारोतराव : मंग तू बी ये ना. आज दुकान लवकर बंद कर. तिघं जनं एका जागी बसा, मी खुर्च्या टाकतो.

कस्तुरचंद : नाई. दुकान रोजच्याच वक्ती बंद करीन. सव्वानऊ.

मारोतराव : अबे, एक दिवस! उद्या तं तंबूच राहनार नाई.

कस्तुरचंद : म्हनूनच. नऊ वाजता उठाले तिले माह्या कुलपाचं निमित्त पाहिजे, मारोत्या.