पुढच्या पहिल्या रविवारी

मंडळी, ऐका! आधी एक सवाल. हा जो ‘उद्या’ आहे ना — तो कुणी बघितलाय? हात वर करा! बघा, एकही नाही! मग आपली सगळी अवघड कामं आपण त्याच्याच गळ्यात का घालतो, हो?

आज बर्णबा मिस्त्रीचं आख्यान लावतो. गडी गवंडी. त्यानं बांधलेली भिंत हलायची नाही — अन् धरलेला राग पण हलायचा नाही!

त्याच्या गावच्या ख्रिस्ती देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन — येशूच्या आठवणीची भाकर. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरायचं. रीत अशी, की भावाशी वाकडं असेल तर आधी गोड करा, मग भाकरीला हात लावा. अन् बर्णबाचं धाकट्या भावाशी, तिमथ्याशी वाकडं! किती वर्षं? अकरा! कशावरून? जमिनीवरून? छे! — नळीवरून! मटणाची नळी!

बर्णबाच्या पोरीचं लग्न. वाढायला तिमथ्य. पातेल्यातली जाडजूड नळी बर्णबानं सकाळपासून हेरून ठेवलेली. ताटात आली का? नाही आली! भर पंगतीत, व्याह्यांसमोर बर्णबा ओरडला, “भाऊ नाही हा, कावळा आहे कावळा!” तिमथ्यानं पळी टाकली अन् चालता झाला. संपलं!

तेव्हापासून ताट आलं की इकडं बर्णबा पुढं सरकवणार, पलीकडच्या रांगेत तिमथ्य पुढं सरकवणार. दोघंही उपाशी! बायको, शलोमी, म्हणायची, “जा की हो, थोरले तुम्ही.”

“जाईन. पुढच्या पहिल्या रविवारी. एकटा गाठतो त्याला, हळूच बोलतो.”

हळूच! मिस्त्रीला इज्जत होती ना!

वाजवा रे टाळ —
गेला दिस गेला, ओढ्याचं पाणी जसं,
उद्याच्या बैलाला आज जुंपशील कसं!

अन् एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, “उभे राहा, प्रार्थना करू.” सगळे उभे. तिमथ्य बसलेलाच! सुनेनं बाही ओढली, तेव्हा दचकून उठला. बर्णबानं शलोमीला कोपरानं ढोसलं. “ह्याला काय झालं गं?”

“कान गेले भाऊजींचे. नाताळापासनं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्हीच म्हणालात, त्याचं नाव काढू नको! आज कान गेले, उद्या डोळे जातील. मग काय, आंधळ्याला हात जोडून दाखवणार?”

बघा हो मंडळी! अकरा वर्षं जो शब्द जिभेखाली जपला, तो आत घ्यायला दारच बंद!

ताट आलं. बर्णबानं सरकवलं नाही. धरलं! धरून उठला. गुडघे कटाकटा वाजतायत, पाळकसाहेब बघतच राहिले — अन् हा गेला पलीकडं. भावाच्या कानाशी वाकला. हळूच — “तिमा, चुकलं माझं.”

“काय?”

“चुकलं माझं, रे!”

“मोठ्यानं बोल!”

आता? सगळं देऊळ माना वळवून बसलेलं! बर्णबानं डोळे मिटले अन् असा ओरडला, की पत्र्यावरची पारवं उडाली — “चुकलोऽ! भर पंगतीत तुला कावळा म्हणालो! माफ कर मला!”

पोहोचलं. अन् बहिऱ्याला आपला आवाज कुठं कळतो? तिमथ्य दुप्पट ओरडला — “दादाऽऽ! नळी मीच खाल्ली होती! पातेल्यामागं उभा राहून!”

देऊळ हसलं हो! पाळकसाहेबांनी पुस्तकामागं तोंड लपवलं! अन् त्या हसण्याच्या मधोमध दोघे म्हातारे गळ्यात पडून रडत होते. मग बर्णबानं भाकर मोडली. आधी तिमाच्या हातावर ठेवली.

घरी जाताना बर्णबा म्हणाला, “शलोमे, अकरा वर्षांच्या गोष्टी साचल्यात. आता सगळ्या ओरडून सांगू?”

“ओरडा की. दुसरं काम काय तुम्हाला?”

मंडळी, हसलात. हसा! पण तुमची नळी कुठली, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. येत्या रविवारी इथंही ताट फिरणार आहे. आज घरी जाताना ज्या दारावरून मान फिरवून जाता ना, तिथं थांबा. कडी वाजवा. समोरच्याला अजून ऐकू येतंय — तोवर हळू बोलून भागतंय, बाबांनो!