देवी हसली तेव्हा

आई : ऑपरेशनच्या कागदावर सही केलीस. मला न विचारता.

पी-शिया : तू काल विव्हळत होतीस, आई. खुब्याचं हाड मोडलंय. कुणाला विचारायचं होतं?

आई : समुद्रदेवीला, माझू मातेला. पहाटे मी विचारलं. तीनदा कौल लावला, तीनदा 'नाही'.

डॉक्टर यौ : आजी, दहाला तुमचा नंबर आहे. या वयात अंथरुणाला खिळलं की छातीत कफ साचतो, पाठ सोलवटते. दिवस घालवून चालणार नाही.

आई : माझ्या धाकट्या बहिणीचंही हेच मोडलं होतं. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत चिरली, मासळी चिरतात तशी. परत उठली नाही.

पी-शिया : तू देवीला नेमकं काय विचारलंस?

आई : बहिणीसारखी मांडी चिरून घेऊ का, म्हटलं.

पी-शिया : मग ती बिचारी 'हो' कशी म्हणेल?

डॉक्टर यौ : तसं चिरायचंच नाहीये. ही माझी दोन बोटं बघा. एवढ्याच फटीतून हाडात सळी सरकवायची, पडद्यावर बघत बघत. स्क्रूसाठी खाली आणखी एखादं छिद्र. उद्या वॉकर धरून उभं करतो.

आई : धोका नाही म्हणता?

डॉक्टर यौ : आहे. तुमचं हृदय थकलंय. पण पडून राहण्यात जास्त आहे.

आई : आणि मातेच्या जन्मोत्सवात तिची कथा कोण गाईल? चाळीस वर्षं मी गुडघे टेकून गातेय.

डॉक्टर यौ : अजून तीन महिने आहेत. खुर्चीत बसून गा.

आई : तिच्यासमोर खुर्चीत?

पी-शिया : तिचाच देव्हारा पुसताना पडलीस ना? एवढी सूट देईल ती.

आई : तोंड फार सुटलंय तुझं. घे, कौल तू लाव. खाली फरशीवर. आणि नीट विचार.

पी-शिया : माते, दोन बोटांच्या फटीतून आईचं हाड सांधून घेऊ का?

(कौलाचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे फरशीवर पडतात. दोन्हींच्या सपाट बाजू वर.)

पी-शिया : 'हो' नाही, 'नाही'ही नाही. हसली.

डॉक्टर यौ : पावणेदहा झाले, आजी. मी काय समजू?

आई : उत्तर ठाऊक असून कुणी विचारत बसलं, की ती हसते.

पी-शिया : तुला ठाऊक आहे?

आई : पिशवीत माझ्या नावाचा शिक्का आहे बघ, सहीऐवजी मारायचा. तो कागद इकडे दे. तुझ्या सहीशेजारी जागा ठेवली आहेस ना?