सुमीला पाजलेलं पाणी

अफूच्या बोंडाचं कौतुक माझ्यापुढे नका करू रे. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावकडे तेव्हा भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया लेकरांना बोंड उकळून त्याचं पाणी पाजत. लेकरू निजलं की बाई धानाच्या बांधीत उतरायला मोकळी. झाडाचंच औषध, त्यानं काय होते, असं सगळेच म्हणत.

माझ्या भावाची सुमी सहा महिन्यांची होती. दात येत होते, फार रडायची. त्या दिवशी मात्र बांधावरच्या झोळीत गप्प पडून होती. वहिनी बघायला निघाली तर आई म्हणाली, "निजून राहिली आहे, उठवू नोको."

दुपारी वहिनीनं दूध पाजायला उचललं, तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. बैलगाडीनं गोंदिया गाठलं. डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि विचारलं, "अफीम किसने पिलाई?"

"मीनं," आई म्हणाली. "सकाळी, घरी."

त्याच वेळी वहिनी म्हणाली, "मीनं पाजलं, बांधावर."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. "तूनं बी पाजलं का वं?" आईनं विचारलं.

दिवस मावळायच्या आत सुमी गेली.

त्यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. कोण कोणाला बोलणार? पुढे वहिनीला मुलगा झाला, तोही रडका. शेजारीण म्हणाली, "थोडं बोंडाचं पाणी द्या ना, काऊन रडवून राहिल्या?"

आईनं त्याला छातीशी घट्ट धरलं.

"रडू दे वं," ती म्हणाली. "रडून राहिला म्हणजे जित्ता आहे."