पेट्रोलच्या टाकीचं झाकण

धूर तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक जुनी गाडी होती. तिला टेकून भाऊ-बहीण बोलत होते.

"ताई, कालचा अख्खा दिवस त्या इंजिनच्या दिव्यात गेला. मशीन लावलं तर म्हणे टाकीतून वाफ निसटतेय. सगळ्या नळ्या तपासल्या, आणि निघालं काय, तर पेट्रोलचं झाकण सैल."

"तेवढ्यानं दिवा लागतो?"

"लागतो. आता विझला. आज कागद मिळाला की गाडी विकायला मोकळे."

"झाकण सैल ठेवलं कुणी?"

"बाबांनीच, दुसरं कोण? ते गेल्यापासून गाडी उभीच आहे."

"बाबा तीनदा कट्कट् वाजेपर्यंत पिळायचे. आणि दवाखान्यातून गाडी मी घरी आणली, तेव्हा पेट्रोलचा काटा तळाला होता. आता बघ."

"अर्ध्याच्या वर आहे."

"सहा महिने उभी गाडी काल सकाळी एका चावीत सुरू झाली म्हणालास, तेव्हाच मला खटकलं होतं."

"म्हणजे आई? पण तिला बाबांनी कधी गाडीला हात लावू दिला नाही."

"लग्नाआधी चालवायला शिकली होती ती."

"मग विकायचं म्हटलं तेव्हा बोलली का नाही?"

"आपण तिला विचारलं कुठे? सांगितलं."

"गाडी पुढे घ्या," तपासणीवाला ओरडला.

"ताई, काय करू?"

"तपासून घे. चालवायलाही कागद लागतोच. आणि घरी गेल्यावर तिला काही विचारत बसू नकोस. झाकण किती पिळायचं, तेवढं दाखव."